ताई, त्या रात्री तुम्ही फोन ठेवला नाहीत

ताई, तुम्हाला मेसेजमध्ये नुसतं थँक्यू टाकलं होतं, पण ते फार कमी पडलं असं रोज वाटतंय म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

दोन डेटाबेसमधले ग्राहक एका टेबलात आणायचे होते आणि दोन्हीकडचे आयडी १ पासून सुरू, म्हणजे ५७ नंबरचा ग्राहक इकडे एक आणि तिकडे भलताच. तुमच्याआधी तिघांना विचारलं होतं. एक म्हणाला मोबाईल नंबरच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ग्राहकाची वेगळी ओळख, कर, अहो पण माणसं नंबर बदलतात, एका घरातले चौघं एकच नंबर देतात! दुसऱ्याने सुनावलं की एवढं बेसिक येत नाही तर या कामात आलास कशाला. तिसऱ्याने एक कमांड पाठवली, यूयूआयडीचा (सहसा कुठेच परत न येणारा लांबलचक आयडी) कॉलम डिफॉल्टसकट, म्हणजे आयडी आपोआप भरला जाईल असा, टाकायची, आणि गायब झाला. ती कमांड मी चालू टेबलवर मारणारच होतो.

तुम्ही "थांब" म्हणालात, ओरडून नाही. तो डिफॉल्ट प्रत्येक ओळीला वेगळा आयडी काढतो म्हणून पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, अख्खं टेबल नव्याने लिहायला घेतं आणि ते होईपर्यंत टेबल लॉक, साधं वाचताही येत नाही, हे तुम्ही असं सांगितलंत की मला लाज वाटली नाही. आधी रिकामा कॉलम, मग थोड्या थोड्या ओळी भरायच्या, युनिक (आयडी दोनदा नको) आणि नॉट नल (रिकामा नको) हे नियम शेवटी. जुना आयडी पुसू नकोस, ऑर्डरची टेबलं अजून त्यालाच धरून आहेत, हेही तुम्हीच बजावलंत.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. ओळी भरायला लागल्या तेव्हा तुमचं सांगून झालं होतं, फोन ठेवला असता तरी चाललं असतं. दर ५००० ओळींनंतर "किती झाल्या?" एवढंच विचारायचात, मी आकडा सांगायचो, परत शांतता. दोन तास! काम येणारे खूप भेटतात हो, समोरचा घाबरलाय हे कळून त्याच्यासाठी नुसतं थांबणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

शेवटी डुप्लिकेट शोधायची क्वेरी चालवली आणि ० ओळी आल्या, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच हुश्श केलंत, ते मला फोनवर ऐकू आलं.