टाक्याचं पाणी गार आहे, पण उकळून प्या

संपादक साहेब, नमस्कार,

पावसाळा लागला की सगळ्याच पेपरात ट्रेकला जाताना काय काळजी घ्यायची त्याच्या याद्या येतात, बूट, टॉर्च, रेनकोट सगळं असतं पण पाण्याचं म्हटलं की "भरपूर पाणी सोबत ठेवा" एवढंच. अहो, हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारा किती लिटर पाठीवर नेणार? शेवटी तो गडावरच्या टाक्यातलंच, म्हणजे कातळात कोरलेल्या हौदातलंच पितो.

आणि गर्दीच्या वीकेंडला टाकी बघा एकदा. एक जण बाटली भरतोय, शेजारी दुसरा मॅगीचा टोप घासतोय, फेस सरळ पाण्यात. पावसात आजूबाजूचं शेण नि बाकीचं (समजून घ्या) वाहून आत येतं ते वेगळंच. तरी लोक रुमालातून गाळून "एकदम नॅचरल" म्हणत पितात. रुमालाने काडीकचरा अडतो, टायफॉईड नि कावीळ नाही अडत. त्यात कावीळ दोन ते सहा आठवड्यांनी वर येते, तोवर गड कोणाच्या लक्षातही नसतो, खापर फुटतं ऑफिसखालच्या पाणीपुरीवर.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे उकळणं. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे, आपलं कळसूबाईसुद्धा 1646 मीटरच आहे. हिमालयात 2000 मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं ठेवा, तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. रात्री पिठलं-भात झाला की त्याच चुलीवर पातेलं चढवायचं, झाकून ठेवायचं, सकाळी बाटल्या भरायला गार पाणी तयार.

क्लोरीनच्या गोळ्या चालतात पण गढूळ पाण्यात टाकून लगेच घोट घ्यायचा नाही, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या, मग गोळी टाकून निदान अर्धा तास थांबा. ऑनलाइन मिळणाऱ्या त्या फिल्टरच्या स्ट्रॉ बॅक्टेरिया अडवतात, पण बऱ्याच स्ट्रॉमधून काविळीचे विषाणू आरपार जातात, त्यामुळे घेताना खोका नीट वाचा.

आता पायथ्याला पार्किंगची नि प्रवेशाची पावती फाडतातच, तर त्या पैशातून मुक्कामाच्या प्रत्येक गडावर एक टाकं फक्त पिण्यासाठी राखून ठेवा, मराठीत ठळक पाटी लावा आणि पाणी शेंदायला दोरी-बादली ठेवा म्हणजे कोणी आत उतरणार नाही. भांडी घासायला दुसरं टाकं दाखवा आणि तिथेही पाणी बाहेर काढूनच घासायला सांगा.

– एक ट्रेकर, ठाणे