केमो आणि पिशवीतल्या कॅप्सूल

महोदय,

वय ७१, प्रोस्टेटचा कॅन्सर, दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाची सलाईन. चौथ्या केमोआधी धंतोलीत डॉक्टरांच्या टेबलावर आमच्या हिने पिशवीच उलटी केली: व्हिटॅमिन ई, सेलेनियम, हळदीच्या कॅप्सूल. इतवारीच्या साडूने प्रेमाने आणलेल्या. "नैसर्गिक आहे नं, खा बिनधास्त!" मी खातही होतो, लपून. डॉक्टर म्हणाले, डोसेटॅक्सेल यकृतात मोडतं. काही अर्क तिथेच लुडबुड करतात. शिवाय २०११ सालच्या अमेरिकी अभ्यासाच्या निष्कर्षात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला होता! औषध दुकानदारांनी बिल करताना निदान विचारावं, "काका, केमो सुरू आहे का?" माझ्या डब्यावर तर बारीक अक्षरातही काही नव्हतं.

– एक ज्येष्ठ वाचक, नागपूर