शाकाहारी म्हणून वाढलेल्या रामेनमध्ये माशाची दाशी (सूपचं मूळ पाणी)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. तक्रार नीट ऐकूनही न घेता ती 'क्लोज' केल्याचा मेसेज लगेच आला, म्हणून आता लेखी देतोय.

रविवारी रात्री तुमच्या पुण्यातल्या शाखेत 'व्हेज मिसो रामेन' हे जपानी नूडल सूप मागवलं. मेनूत त्यापुढे हिरवा ठिपका आहे. तरी ऑर्डर देताना मी मुद्दाम विचारलं, कारण सोबत आई होती आणि आई माळकरी आहे. "प्युअर व्हेज आहे सर," असं उत्तर मिळालं. बाउल आला. वर मका, टोफू, कांद्याची पात. आईने दोन घोट घेतले आणि चमचा खाली ठेवला. "वास येतोय रे." मी चाखून पाहिलं. नोकरीनिमित्त जपानात राहून आलोय, कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाचा, धुरकट वास मला ओळखू येतो. शेफला बोलवायला लावलं तेव्हा त्याने कबूल केलं: टॉपिंग व्हेज, दाशी सगळ्या रामेनला एकच.

कुपा मासा उकडून, धुरी देऊन, कडक वाळवून काढलेला तो कीस तुमच्याच स्वयंपाकघरात येतो. त्यात काय असतं हे तुम्हाला माहीत आहे. तरी हिरवा ठिपका लावलात.

आता फोनवर काय झालं ते वाचा.

"सर, सूपमध्ये फिशचा पीस होता का?"

"पीस नव्हता, पाणी माशाचं होतं."

"पीस नव्हता ना सर? मग नॉनव्हेज कसं म्हणता?"

मी विचारलं, मटणाच्या रश्शातले तुकडे काढून उरलेला रस्सा वाढला तर तुमच्या हिशेबाने तो शाकाहारी होतो का? त्यावर उत्तर: "आमचं फूड ऑथेंटिक आहे सर, मदरना त्या टेस्टची सवय नसेल." मग होल्ड. मग म्हणे, पुढच्या वेळी ग्योझाची (मोमोसारख्या जपानी डंपलिंगची) एक प्लेट फ्री. कसले ग्योझा, विचारलं. "चिकन, सर."

माझ्या आईला सवय नाही, हे उत्तर! ती दुसऱ्या दिवशी उपाशी राहिली. आपल्याच हातून पाप घडलं असं तिला वाटतंय, आणि चूक तुमची आहे.

ऑथेंटिकची सबब तर सांगूच नका. जपानातल्या बौद्ध मठांच्या शोजिन या शाकाहारी जेवणात दाशी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम यांची करतात. मिसोची पेस्टही सोयाबीनची. व्हेजसाठी एक वेगळं पातेलं चुलीवर ठेवायचं, एवढंच काम होतं.

तुमचं तोनकोत्सू मी आवडीने खातो. डुकराची हाडं तासन्तास उकळून केलेलं ते सूप तुम्ही मांसाहारी म्हणूनच विकता, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तुमच्या जेवणावर विश्वास होता म्हणून तर आईला घेऊन आलो. ठिपका हिरवा होता, विचारलंही होतं, तरी खोटं सांगितलंत.

सगळ्या शाखांच्या मेनूतून तो ठिपका आजच काढा आणि आईच्या नावाने लेखी माफी पाठवा. व्हाउचर नको. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगातही जाणार.

बिल आणि मेनूचा फोटो सोबत जोडला आहे.