दुसऱ्याच्या पोराला बिअर द्यायचा हक्क कुणी दिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, मुलगा यंदा अकरावीला आहे. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, पण महिना झाला ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मुलाच्या क्लासमधल्या मित्राचा वाढदिवस होता, त्यांच्या घरीच. आईवडील दोघं घरात असणार म्हणून मी निवांत होते. रात्री साडेदहाला त्या मुलाचे वडील स्वतः गाडीतून सोडायला आले, गेटवरून हात केला आणि गेले. पोरगा आत आला तो तोंडात बडीशेप भरून, "जेवलोय, झोपतो" एवढंच म्हणाला आणि बूटसुद्धा न काढता आडवा झाला. बाराच्या सुमारास कसला तरी आवाज आला म्हणून गेले तर उताणा पडून उलटी करत होता, उशी भरलेली, शर्ट भरलेला, हाक मारली तर डोळे उघडले पण मला ओळखलं असं वाटेना. शेजारी डॉक्टर राहतात त्यांना उठवून आणलं. त्यांनी आधी त्याला कुशीवर वळवलं, म्हणाले उताणा राहिला असता आणि उलटी घशात गेली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही, श्वास मोजत बसा, हाकेला ओ देईनासा झाला तर एक मिनिट थांबू नका, सरळ ॲडमिट करायचं. सकाळपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, छाती वर खाली होतीये का बघत.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फोन केला. मला वाटलं होतं त्यांना माहीतच नसेल, पोरांनी चोरून आणली असेल. तर म्हणाले, "अहो वहिनी, मीच आणली होती, बिअरच तर होती, पोरं कुठंतरी कास रोडला जाऊन पिणार आणि घाटातून गाड्या हाणत येणार, त्यापेक्षा घरात आमच्या डोळ्यादेखत घेतलेली काय वाईट?" आणि हे ते अगदी मनापासून सांगत होते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण जबाबदारीनं वागलो, घरी सोडून पण आलो. मला काय बोलावं सुचेना. त्यांच्या मुलाचं त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवलं, पण माझ्या मुलाचं कसं काय ठरवलं? मला एक फोन तरी करायचा.

नंतर एका ओळखीच्या वकिलांकडे गेले तेव्हा कळलं की हे नुसतं चुकीचं नाही, गुन्हा आहे. २०१५ चा जो बाल न्याय कायदा आहे त्यात कलम ७७ आहे, १८ च्या आतल्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दारू दिली किंवा द्यायला लावली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. त्यात कुठंही "घरात दिली तर चालेल" किंवा "बिअर दिली तर चालेल" असं नाहीये, आईबापांना सूट नाहीये. आपल्या राज्यात तर बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय पूर्ण लागतं, म्हणजे अकरावी-बारावीची पोरं सोडाच, कॉलेज संपवलेली पण बरीच त्यात बसत नाहीत. आणि गाडी दिली तर ते वेगळंच, अल्पवयीन मुलानं गुन्हा केला की मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे २०१९ पासून आहे.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहितीये. १७ वर्षांचा मुलगा पबमधून गाडी घेऊन निघाला आणि त्याच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. तेव्हा सगळीकडे त्याला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाचीच चर्चा झाली, आम्ही पण ऑफिसात तेच बोलत होतो, पण त्या मुलाच्या वडिलांवर याच बाल न्याय कायद्याच्या ७५ आणि ७७ कलमांखाली गुन्हा दाखल झाला होता हे किती पालकांच्या लक्षात राहिलं? आपल्याला वाटतं ते श्रीमंतांचं प्रकरण, पुण्याचं, आपला काय संबंध. पण साताऱ्यात फ्लॅटमध्ये, टेरेसवर, यवतेश्वरच्या वरच्या फार्महाऊसवर गटारीला आणि थर्टी फर्स्टला काय चालतं ते विचारा कुठल्याही कॉलेजच्या पोराला. दुकानदार सोळा वर्षांच्या पोराला देत नसेल तर कुणीतरी मोठा माणूसच आणून देतो ना? याच जिल्ह्यात गावोगावच्या बायकांनी आडवी बाटली करायला, म्हणजे गावातलं दारूदुकान बंद करायला मतदानाच्या रांगा लावल्या, आणि इथं शहरात शिकलेला बाप केकच्या शेजारी स्वतःच्या हातानं टिन मांडतो.

माझी विनंती एवढीच की पोलीस शाळा-कॉलेजात येऊन मुलांना ट्रॅफिकचं, मोबाईलचं सांगतात ते चांगलंच आहे, पण एकदा पालक मीटिंगला यावं आणि हे कलम पालकांना वाचून दाखवावं, थर्टी फर्स्टच्या आधी. आणि तुम्ही पण पेपरात ठळक छापा.

मी अजून तक्रार दिलेली नाही. मुलगा रडला, म्हणाला आई काकांचं काही करू नकोस, आम्ही एका बेंचवर बसतो. पालकांच्या ग्रुपवर दोघीतिघींनी मलाच सांगितलं की वहिनी वाढवू नका. पण त्या गृहस्थांना मी तोंडावर सांगून आलेय, परत तुमच्या घरी कुणाच्याही पोराला दारू दिल्याचं कळलं तर मी ११२ ला फोन लावणार, मग ते पोर माझं असो नाहीतर तुमचं.

कळावे,
एक आई, शाहूपुरी, सातारा