मॉनिटर लावला, पण धावून जाणार कोण?

अतिजोखमीच्या रुग्णांच्या नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर यंत्राने अखंड लक्ष ठेवावे, असे सुचवणारा लेख वाचला. मागणी रास्त आहे. साध्या वॉर्डात या नोंदी सहसा चार-सहा तासांनी होतात आणि मधल्या काळात, विशेषतः रात्री, प्रकृती ढासळली तर कळायला उशीर होतो. मात्र लेखात अलार्मचा प्रश्न जवळजवळ आलेलाच नाही.

बोटाची क्लिप सरकली, छातीवरच्या इलेक्ट्रोडची जेल वाळली, रुग्ण कुशीवर वळला, की यंत्र बोंबलते. असे खोटे इशारे दिवसभर ऐकल्यावर आवाज बंद करण्याचे बटण हात आपोआप दाबतो. यात परिचारिकेचा आळस नाही. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २०१४ पासून अलार्मचे व्यवस्थापन रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत घातले, ते याच कारणाने.

उलट धोकाही आहे. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनसारखे वेदनाशामक आणि नळीने ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास मंदावूनही पडद्यावर रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के दिसू शकतो. म्हणजे ऑक्सिजन मोजणारे यंत्र गप्प आणि रुग्ण संकटात! अशा वेळी श्वासाची गती वेगळी मोजावीच लागते.

तेव्हा मॉनिटर खरेदीच्या प्रस्तावातच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक रुग्णानुसार अलार्मच्या मर्यादा कोण ठरवणार, इशारा कोणाकडे जाणार आणि किती मिनिटांत कोणी खाटेपाशी पोहोचायचे. परिचारिकांची संख्या तीच ठेवून नुसते पडदे वाढवणार असाल, तर ती खरेदी तूर्त थांबवलेली बरी.

– एक निवृत्त परिचारिका