खोकल्याच्या केसपेपरवर दोन प्रश्न वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत प्रतिकारशक्तीचे लेख सुरू होतात. आले, गवती चहा, हळदीचे दूध, च्यवनप्राश. माझा यातल्या कशालाच विरोध नाही, गवती चहा तर आमच्या परसातलाच असतो. पण छातीचा संसर्ग विकोपाला जाण्याचा धोका जिच्यामुळे कमी होतो असे बऱ्यापैकी पुरावे आहेत, ती गोष्ट, म्हणजे नियमित व्यायाम, या लेखांत 'हलका व्यायामही करावा' एवढ्या शेपटात उरकली जाते. दवाखान्यातही तेच. मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होतो. औषधांच्या खिडकीत सरकवलेल्या केसपेपरवर ताप, खोकला, बीपी, शुगर, कधी कोपऱ्यात 'तंबाखू – होय' असे सगळे असायचे. हा माणूस आठवड्यात किती चालतो, हे लिहिलेला केसपेपर मात्र माझ्या हाती कधी पडला नाही.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात कैसर पर्मनंटे नावाची मोठी आरोग्यसेवा आहे. तिथे रुग्ण कशासाठीही आला तरी रक्तदाबाबरोबर त्याला दोन प्रश्न विचारून उत्तरे नोंदवतात : आठवड्यातले किती दिवस भरभर चालण्याइतका तरी व्यायाम करता, आणि त्या दिवशी साधारण किती मिनिटे? करोनाच्या आधीपासूनचा हा रिवाज. त्यामुळे २०२० मध्ये करोना झालेले ४८,४४० प्रौढ आधीची दोन वर्षे कितपत हलतेफिरते होते, हे आजारपणात आठवून सांगण्याची वेळच कुणावर आली नाही. ते कागदावर होते. आठवड्याला १५० मिनिटे किंवा जास्त व्यायाम सातत्याने करणाऱ्यांशी तुलना केली, तर जवळजवळ काहीच न करणाऱ्यांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता दुपटीहून अधिक आणि मृत्यूची जवळपास अडीचपट निघाली. वय, वजन, मधुमेह यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. सिगारेट, लठ्ठपणा, रक्तदाब यांच्यापेक्षाही बैठेपणा वरचढ ठरला. त्याच्या पुढे राहिले ते साठीपुढचे वय आणि अवयव प्रत्यारोपण. हा अभ्यास २०२१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट होती आणि सगळ्यांचे डोळे ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे. तो वाचायला कुणाला सवड असणार?

यावर कुणी शंका काढेल, आणि ती रास्त आहे. ज्याला आधीच दम लागतो तो चालणार नाही, आणि आजारीही तोच जास्त पडेल. असा अभ्यास नुसता संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. त्यातले रुग्णही लस येण्याआधीचे. व्यायामाने सर्दी-पडसे होतच नाही, असेही कुणी म्हणू नये. माणसांचे गट पाडून, एकाला व्यायाम देऊन आणि दुसऱ्याला न देता केलेल्या चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये एकत्र तपासल्या. आजारपणाच्या खेपा फारशा कमी झाल्या नव्हत्या, लक्षणांचा जोर मात्र कमी दिसला. त्या चाचण्या लहान आणि साध्या सर्दी-खोकल्याच्या होत्या, तरी दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष मला एकाच दिशेचे वाटतात. विषाणू घरात यायचा तो येतोच, पण आल्यावर तो किती धुडगूस घालतो ते शरीराच्या तयारीवर आहे. रोज राबणाऱ्या स्नायूंमधून दाह आटोक्यात ठेवणारी द्रव्ये रक्तात येतात, विषाणूशी लढणाऱ्या पेशी फिरत्या राहतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला कफ जोराने खोकून बाहेर टाकता येणे, ही काही लहान गोष्ट नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना न्यूमोनिया का गाठतो, हे घरात कुणाची शुश्रूषा केलेल्याला वेगळे सांगायला नको.

आता गंमत अशी की, हा प्रश्न आपल्या यंत्रणेत आधीपासून आहे. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका जोखणारा 'सीबॅक' फॉर्म आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर यांबरोबर आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, हेही विचारलेले असते. होत नसेल तर एक गुण वाढतो. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला प्राधान्याने पाठवायचे. त्याच फॉर्ममध्ये पुढे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, असाही प्रश्न आहे. तो क्षयरोगासाठी. म्हणजे एकाच कागदावर चालणेही आहे आणि खोकलाही, पण दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत जमा. चालण्याचा गुण शुगर-बीपीच्या हिशेबात जातो, आणि तोच माणूस श्रावणात धापा टाकत ओपीडीत येतो तेव्हा समोरच्या डॉक्टरांना तो फॉर्म दिसत नाही.

या प्रश्नाची उत्तरेही नीट घ्यावी लागतील. "दिवसभर पायाला भिंगरी असते, आणि वर व्यायाम कसला?" असे बायका म्हणतात, आणि त्यांचे अगदी चूक नाही. शेतातली खुरपणी, डोक्यावरून पाणी आणणे हेही हालचालीतच धरायचे असते. खूण सोपी आहे : बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला की मिनिटे मोजायची. ओट्यापाशी तासभर उभे राहून पाय दुखतात, श्वास वाढत नाही. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२. आमच्या वसाहतीतल्या बायका संध्याकाळी पार्किंगमध्ये, उभ्या गाड्यांमधल्या बोळातून फेऱ्या मारतात. समोरच नगरपालिकेच्या शाळेचे मैदान आहे. शाळा सुटली की त्याच्या फाटकाला साखळी पडते. लग्नाच्या तिथीला तेवढी निघते.

महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि चालणे बंद पडते तेही पावसाळ्यातच. चिखल, खड्डे, अंधार, त्यात कुत्री. शाळांचे व्हरांडे आणि समाजमंदिरे सकाळ-संध्याकाळ तासभर उघडी ठेवली तर निदान त्या चार महिन्यांत खंड पडणार नाही. खर्च शिपायाच्या तासाभराचा.

अतिउत्साही मंडळींसाठीही दोन शब्द. अंगात ताप असताना घाम काढून आजार पळवू नये, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. आणि हे सगळे लसीच्या जोडीला आहे, लसीऐवजी नाही. साठीपुढच्यांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

आरोग्य खात्याला विनंती एवढीच : ओपीडीच्या केसपेपरवर बीपीच्या रकान्याशेजारी 'दिवस' आणि 'मिनिटे' असे दोन रकाने छापावेत. डॉक्टरांना वेळ नसतो हे मी खिडकीच्या आतून पाहिले आहे. पण दोन आकडे तर केसपेपर काढणारा कारकूनही विचारू शकतो. न्यूमोनियाचा रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवताना तेवढे आकडे चिठ्ठीवर उतरले, तर पाच वर्षांत आपल्या माणसांचा आपलाच हिशेब हाती येईल आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाकडे बघावे लागणार नाही. खासगी डॉक्टरांना तर कुणाच्या आदेशाची वाट पाहायचीही गरज नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त औषधनिर्माता, जि. सातारा