सलाईनच्या चाकाला हात लावू नका

मा. संपादक,

सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळल्या की नातेवाईक सलाईनच्या नळीवरचं चाक फिरवतात, लवकर संपावी म्हणून. नाशिकच्या वॉर्डांत हे रोजचं झालं आहे. पण तो वेग हिशेबाने ठेवलेला असतो. सलाईनच्या नेहमीच्या सेटमध्ये, म्हणजे नळीत, साधारण 20 थेंबांचा एक मिली होतो. 500 मिलीची बाटली 8 तासांत द्यायची तर मिनिटाला 21 थेंब. वेग वाढला की हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी साठून धाप लागते. बाटलीत पोटॅशियम मिसळलेलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.

थेंब थांबले तर कोपर वाकलंय का, नळी अंगाखाली दबलीय का, एवढंच बघा. सुईची जागा सुजली, गार पडली किंवा दुखू लागली तर लगेच हाक मारा. अशा वेळी चाक फिरवून वेग वाढवला तर सूज आणखी वाढते. नळीत रक्त चढलं तर घाबरू नका. बहुतेकदा हात उंच उचललेला असतो किंवा बाटली संपलेली असते. हात खाली ठेवा आणि आम्हाला बोलवा.

पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांतून आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्याच्यावर खेकसून काय उपयोग? रात्री पूर्ण वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला जागा असलेला नातेवाईक हा मोठा आधार असतो. रुग्णालयांनी ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रासह प्रत्येक खाटेजवळ लावावी.

– एक परिचारिका, नाशिकरोड